मोजणीदारांचं रीळ

आमच्या जमीन मोजणीच्या ऑफिसात शिपायाचा मासा करायची पद्धत मोजणीदारांनी पाडली. दुपारची जेवणं झाली की आमचे शिपाई, पन्नाशी ओलांडलेले चांगले जबाबदार गृहस्थ, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. त्यांच्या हातात नायलॉनच्या दोरीचं टोक असायचं. दुसऱ्या टोकाला खिडकीच्या गजाला बांधलेला मासेमारीचा रॉड, त्याच्यावर दुकानातून बघायला म्हणून आणलेलं नवंकोरं रीळ, आणि शेजारी खुर्ची टाकून, चष्मा कपाळावर चढवून बसलेले आमचे मोजणीदार.

"हां, पळा!"

शिपाई पळायचे.

"अहो, असे काय पळताव? मागं कुत्रा लागलाय काय? तांबोशी आधी आमिष तोंडात धरते. दोन पावलं जाते, थांबते, मग जाते."

शिपाई दोन पावलं जायचे, थांबायचे, मग जायचे. वळताना विचारायचे, "सायब, आता सुटू की लागलेला ऱ्हवू?"

बदली होऊन मी रत्नागिरीत हजर झाले तो दिवस नेमका असाच होता. एका हातात हजर होण्याचं पत्र, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पायात ती न दिसणारी दोरी. मी धडपडले. पिशवीतला डबा जिन्यापर्यंत घरंगळत गेला. मोजणीदार उठले, आधी दोरी तुटली नाही ना ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "घाटावरच्या काय तुमी? वाटलंच. खाली बगून चालायची सवय नाय."

मी कोल्हापूरची. नवरा आणि मुलगी तिकडे, मी इथे नकाशांच्या नकला देणाऱ्या टेबलावर. शनिवारी दुपारी बस पकडायची, हातखंब्यावरून आंबा घाट चढून रात्रीपर्यंत घरी, आणि रविवारी उलट. बाकीचे दिवस भाड्याची एक खोली. अशा अवस्थेतल्या बाईला पहिल्याच दिवशी कुणी दोरीत पाडलं तर तिला तो माणूस आवडायचं काही कारण नाही. मला ते महिनाभर अजिबात आवडले नाहीत.

माणूस कामात मात्र पक्का. आमच्या खात्यात नवी यंत्रं आली होती, उपग्रहावरून जागा सांगणारी. ते ती वापरायचे, पण मोजणी झाल्यावर एकदा पावलांनी हद्द चालून बघायचे. कातळावरून, दगड रचलेल्या गडग्यावरून, काजूच्या बागेतून, लांब ढांगा टाकत, तोंडाने आकडे मोजत. पावलांचा हिशेब यंत्राशी जुळला नाही तर यंत्राकडे संशयाने बघायचे. खिशात एक छोटा ताणकाटा असायचा, हुक असलेला. येईल ती वस्तू त्याला लटकवून तोलायचे. माझी पर्स तोलून म्हणाले होते, "सव्वा किलो. एवढं काय घेऊन फिरताव? अर्धं घर हितं आणलंव काय?"

त्या रिळाचं प्रकरण मला हळूहळू समजलं. भाट्याच्या खाडीवर दर वर्षी थंडीत गरवण्याची, म्हणजे गरी टाकून मासे धरण्याची, स्पर्धा होते. चार तास, ठरलेली जागा, एका नावाला दोन रॉड. नाव जोडीने घालता येतं किंवा एकट्याने. मोजणीदार आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, वर्षानुवर्षं जोडीने नाव घालत. खाडीवरच्या दगडांवर नऊवारी खोचून बसलेली बाई आणि तिला डाव्या हाताला घेऊन बसलेला, फील्ड हॅट घातलेला नवरा, असा त्यांचा जुना फोटो मी बघितलाय. एक रॉड त्यांच्या हातात. त्यावर पटापट लागणारे छोटे मासे, शिंगाळे, पालू, हे त्यांचं काम. दुसरा रॉड मोठ्या माशासाठी, जिवंत कोलंबी लावलेला, आणि त्याची दोरी वहिनींच्या बोटावर. मासा आमिष घेऊन निघाला की बोटावरून दोरी सोडत राहायची. ताण लागला तर मासा आमिष थुंकतो. फार सोडली तर दगडात शिरतो. नेमकं कधी ओढायचं हे वहिनींच्या बोटाला कळायचं. "माझं काय, मी हमाल," ते सांगायचे. "गरवायची ती."

मग मुलाला मुलगी झाली. मुलगा बदलापूरला, सून नोकरी करणारी. वहिनी सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्याला मी आले तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती; मधे यायच्या त्या गणपतीपुरत्या. जाताना त्या म्हणाल्या होत्या, तोवर एक ते फ्री-स्पूलचं रीळ घ्या, म्हणजे तुमची स्पर्धा चुकायची नाही. या रिळाला मागे एक खटका असतो. तो ओढला की मासा नेईल तशी दोरी मोकळी सुटते, रॉड स्टँडवर ठेवून दिला तरी चालतो. हँडल फिरवलं की खटका आपोआप बसतो आणि मासा लागतो. बोट नको, दुसरं माणूस नको. आणि स्पर्धेला न्यायचं तर लहान चणीचं हवं. एका हातात एक रॉड असताना दुसऱ्या हाताने झटकन उचलता आलं पाहिजे.

तर असं रीळ ते सहा वर्षं निवडत होते.

निवडणं म्हणजे कसं, तर त्यासाठी एक जुनं फील्ड बुक, मोजणीच्या नोंदींचं, वापरायला घेतलं होतं. त्यात प्रत्येक रिळाचं चित्र, एखाद्या सर्व्हे नंबरची हद्द काढावी तसं चारी बाजूंनी मापं टाकून. खाली वजन, दोरी किती मावते, खटका कुठे, आणि शेवटी शेरा. ते शेरे मी चोरून वाचायची. "दांडा गुळगुळीत. ओल्या हाताला भरवसा नाही." "दिसायला नाजूक, वजनाने म्हैस." "आतल्या बेअरिंगच्या गोळ्या खाऱ्या पाण्याला टिकणार नाहीत, दुकानदार टिकतील म्हणतो, दुकानदार स्वतः कुठे टिकणार आहे." एका पानावर सगळे रकाने उत्तम भरलेले होते, मापं बरोबर, वजन बरोबर, आवाजसुद्धा "मंजूळ" असा लिहिलेला. खाली शेरा होता, "चांगलं आहे. तरी नको."

मिरकरवाड्याच्या वाटेवर गरी, शिसं, दोऱ्या विकणारं एक दुकान आहे. तिथे त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवलेली असायची. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदाराने चार डबे काढले, ते बघून परत ठेवले, मग वरच्या फळीवरचे तीन काढले. तासाभराने तो मला म्हणाला, "म्याडम, तुमी तरी सांगा ह्यांना. ह्ये घ्या नायतर माजं दुकान घ्या. मी जातंय माशाला."

मोजणीदार शांतपणे खटका पुढे-मागे करत होते. म्हणाले, "घाई कसली? बगून ठेवायला काय जातं?"

मला त्यांचा राग यायचा तो याच गोष्टीचा. मी स्वतः चटकन ठरवणारी बाई. भाजी घ्यायला मला चार मिनिटं लागतात. समोरचा माणूस एका वस्तूवर वर्षानुवर्षं काढतो हे बघून माझ्या हातांना मुंग्या यायच्या. त्यात रोजचा तो फोन. दुपारी दीड वाजता ते बदलापूरला फोन लावायचे. कानाने थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर आणि आम्ही सगळे श्रोते.

"जेवलीस?"

"जेवले. तुमी?"

"जेवलो. आज भरती सव्वासहाला लागते."

"बरं. रीळ घेतलंत का?"

"बगतोय."

"कधी घेणार अहो?"

"बगतोय गो."

रोज. भरतीची वेळ, मग रीळ, मग नातीचं थोडं, मग फोन बंद. मी एकदा विचारलं, "अहो, बदलापूरला भरतीची वेळ घेऊन वहिनींनी करायचं काय?" ते म्हणाले, "म्हायती असलेली बरी. उद्या आली तर हितं येऊन विचारत बसायला नको." त्यांना निवृत्त व्हायला तेव्हा दीडेक वर्ष राहिलं होतं. निवृत्त झालो की ती येणार, हे त्यांचं ठरलेलं होतं. "मी ऑफिसात असल्यावर तिनं दिवसभर एकटं घरात काय करायचं? म्हणून ऱ्हायलीय तिकडे. आता मी घरी म्हटल्यावर येतेच." मुलगाही त्यांना तिकडे बोलवायचा. ते दोनदा जाऊन आले, चौथ्या दिवशी परत. तिकडच्या नदीला भरतीच नाही म्हणाले. त्या सहा वर्षांत त्यांनी स्पर्धेत नाव घातलं नाही. रविवारी एकच रॉड घेऊन जायचे आणि दुपारी डबीत दोन-चार पालू घेऊन परत यायचे. त्यातले सोमवारी मला द्यायचे, साफ करून, कारण घाटावरच्या बाईला खवले काढता येत नाहीत यावर त्यांचा ठाम विश्वास होता. तो खराही होता.

एकदा लांज्याकडच्या एका गावात मोजणी होती, दोन भावांची. नकाशे घेऊन मीही गेले होते. मधला गडगा कुणाचा, एवढाच वाद. दोघे भाऊ एका रिक्षातून आम्हाला घ्यायला आले होते, एकाच्याच घरी दोघांनी आम्हाला जेवू घातलं. मोजणीदारांनी सकाळपासून नुसता वेळ काढला. यंत्र लावलं, काढलं, पुन्हा लावलं, कोकम सरबत घेतलं, फणसाची चौकशी केली. संध्याकाळी नाइलाजाने खुणा करून दिल्या. गडगा धाकट्याच्या हद्दीत निघाला. थोरला भाऊ घरात गेला आणि आम्हाला सोडायला एकटा धाकटा आला. परत येताना मोजणीदारांनी वळून एकदा त्या गडग्याकडे बघितलं. मग म्हणाले, "लोक म्हणतात, मोजलं की मिटतं. मिटत नाय म्याडम. मोजेस्तवर दोघं एका ताटाला बसतात. मोजलं की ठरलं."

हे वाक्य मला चांगलं वाटलं होतं. घरी फोनवर मी ते नवऱ्याला सांगितलंसुद्धा. पण मोजणीदारांच्या फील्ड बुकाशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्यांना चिकित्सक, चिंगूस आणि थोडे चक्रम समजत राहिले.

त्यांच्या निवृत्तीचा महिना आला. आमच्याकडे निरोप समारंभ म्हणजे शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. निवृत्त झालेल्या माणसाला घड्याळ कशाला देतात हे मला कधी कळलेलं नाही. मी पुढाकार घेतला. म्हटलं, यंदा घड्याळ नाही, यंदा आपण मोजणीदारांना रीळ द्यायचं. सगळ्यांना ती कल्पना एवढी आवडली की शिपाई स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले. शेवटी सगळ्यांत जास्त वेळा त्या रिळांना लागलेला मासा तेच होते. मी फील्ड बुकातल्या त्या उत्तम पानाचा मोबाईलवर फोटो काढून नेला होता. दुकानदाराने तेच रीळ काढून दिलं आणि हात जोडले. चार मिनिटांत खरेदी झाली. परत येताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

समारंभाला वहिनी आल्या. आमच्याकडे सत्कार जोडीने करतात, म्हणून ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी त्यांना खास बोलावून घेतलं होतं. आदल्या दिवशी मोजणीदार ऑफिसात आले ते केस कापून, नवा शर्ट घालून. शिपायाला सांगत होते, घराच्या मागच्या पडवीत दुसरा रॉड होता, त्याला पॉलिश मारलं. यंदा नाव घालायचं. जोडीने. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, वा, मग तर आपलं रीळ अगदी वेळेवर आलं.

वहिनी ठेंगण्या, चटपटीत, हसऱ्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "तुमीच त्या कोल्हापूरच्या? फोनवर तुमचा आवाज येतो मागनं." भाषणं झाली. मोठ्या साहेबांनी मोजणीदारांना शाल घातली. मग मी माईक घेतला आणि सांगितलं की सहा वर्षं एका माणसाने एका वस्तूची वाट बघितली, आज ती वाट संपली. टाळ्या पडल्या. खोका त्यांच्या हातात दिला.

त्यांनी खोका उघडला. रीळ बाहेर काढलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, खूश होतील म्हणून. ते फक्त बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं आहे," आणि थांबले.

वहिनींनी ते त्यांच्या हातातून घेतलं. खटका मागे ओढला. दोरीचं टोक धरून थोडं ओढून बघितलं, दोरी तर्जनीवर घेतली, पुन्हा ओढली. सगळं सभागृह बघत होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"अगो बाई, माज्या बोटापेक्षा हलकं सुटतंय की ह्ये!" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लय बरं केलंत तुमी. सहा वर्षं सांगत्येय, ह्यांचा आपला बगतोय, बगतोय. मला नुसता घोर लागलेला. एकटे दोन रॉड कसे सांभाळतील, माज्यावाचून अडून बसतील. आता घोर नाय. आता ह्यांचं एकट्यानं भागंल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता मी मोजणीदारांकडे बघितलं आणि माझे हात थांबले. ते हसत होते, सत्काराला बसलेला माणूस हसतो तसं, आणि मान डोलवत होते. तेव्हा मला कळलं. ते रीळ त्यांना कधीच घ्यायचं नव्हतं. जोवर ते घेतलं नव्हतं तोवर तिला यायला एक कारण होतं. सहा वर्षं त्यांनी एक कारण सांभाळून ठेवलं होतं आणि मी ते खोक्यात घालून, वर रिबीन बांधून, तिच्या हातात दिलं होतं.

मी स्वतः दर शनिवारी घाट चढणारी बाई. माझ्या घरी माझ्यावाचून काय अडतं आणि काय अडत नाही, याचा विचार प्रत्येक वळणावर करणारी. नवऱ्याने एकदा सहज सांगितलं होतं की पोळ्यांना बाई लावली, आता चांगलं चाललंय, तर मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मला तरी समजायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

वहिनी तिसऱ्या दिवशी बदलापूरला गेल्या.

त्यानंतर मी मोजणीदारांना टाळलं. ते ऑफिसात येत नव्हतेच, पेन्शनच्या कागदांसाठी एकदोनदा आले तेव्हा मी नकाशांच्या खोलीत जाऊन बसले. व्हरांडा मोकळा झाला. शिपाई जेवण झाल्यावर जागेवरच डुलकी काढायला लागले. थंडीत माझ्या बदलीचा हुकूम आला, कोल्हापूरचाच, ज्याची मी तीन वर्षं वाट बघत होते. त्याच आठवड्यात शिपायांनी सांगितलं, "सायबांनी स्पर्धेत नाव घातलंनी. एकट्याचं." त्या शनिवारी मी घरी गेले नाही.

रविवारी सकाळी भाट्याला गेले. पुलाच्या अलीकडे दगडांवर माणसं आपापल्या नंबरवर बसली होती. बहुतेक तरुण पोरं, टोप्या घातलेली, दोघं दोघं, एकमेकांना शिव्या देत, हसत. मोजणीदार जरा बाजूला होते. एक रॉड हातात, दुसरा स्टँडवर. स्टँडवरच्या रॉडला आमचं रीळ. मला बघून ते म्हणाले, "या म्याडम. ह्या बाजूनं या, तिकडे शेवाळ हाय." मी त्यांच्या उजव्या हाताला एका कोरड्या दगडावर बसले.

बराच वेळ ते छोटे मासे काढत होते. काढायचे, गरी सोडवायची, बादलीत टाकायचा, नवं आमिष. मी शेवटी म्हटलं, "माझं चुकलं हो."

काय चुकलं असं त्यांनी विचारलं नाही. गरीला कोलंबी लावत म्हणाले, "नाय हो. ती जाणारच व्हती. येतानाच दोन्ही बाजूंचं तिकीट काढून आलेली. मी बगितलं व्हतं पाकिटात." दोरी पाण्यात टाकली. "पण एरवी जायची ना, तेव्हा रिक्षात बसून दोन-तीनदा उतरायची. गॅस बंद केला का बगायला. पाण्याचं बगायला. मला काय सांगायचं ऱ्हायलं म्हणून. ह्या खेपेला बसली ती सरळ गेली."

मी म्हटलं, "त्यांना बरं वाटलं असेल."

"हां. तिला बरं वाटलं," ते म्हणाले.

तेवढ्यात स्टँडवरचं रीळ वाजायला लागलं. आधी दोनदा टिकटिक, मग थांबलं, मग सलग. दोरी सपासप बाहेर जात होती. मासा मोठा होता, मलासुद्धा कळलं. त्यांनी हातातला रॉड खाली ठेवला, दुसरा उचलला, एक हात हँडलवर नेला. पाण्यावरची नजर काढून त्यांनी डावीकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"आता?"

डावीकडे नुसता दगड होता. मी उजवीकडे बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीने चटकन ठरवणारी मी त्या वेळी तोंडातून शब्द काढला नाही. मला विचारलेलंच नव्हतं. रीळ वाजत राहिलं. ते हँडलवर हात ठेवून उत्तराची वाट बघत तसेच बसले, आणि दोरी जात राहिली.

शेवटी त्यांनी स्वतःच हँडल फिरवलं. खटका व्यवस्थित बसला. गरीवर काही नव्हतं.